मासे कुठे आहेत ते उपग्रहाला खरंच दिसतं का? आणि समुद्रासाठी वेगळे उपग्रह कशाला?

बेतीकर:

नमस्कार मंडळी. माझ्या मामाचा गोव्यात मालिम जेटीवर ट्रॉलर आहे. मी पणजीत नोकरीला, त्यामुळे समुद्राशी संबंध म्हणजे रविवारी जेटीवर जाऊन नुस्तं, म्हणजे मासे, आणण्यापुरताच. पण सीझन चालू असला की मामाच्या फोनवर एक मेसेज येतो, त्यात आपल्या लँडिंग सेंटरपासून दिशा कुठली, किती डिग्री, अंतर किती ते किती किलोमीटर, तिथली खोली किती ते किती मीटर, शेवटी अक्षांश रेखांश असं सगळं दिलेलं असतं. हैदराबादहून येतो म्हणे, उपग्रहावरून काढतात. बोट चालवणारा तांडेल ते आकडे जीपीएसमध्ये घालतो आणि निघतो. कधी तिथे बांगडा चांगला लागतो, कधी जाळं रिकामंच वर येतं.

तर मला खरंच कळून घ्यायचंय की सातशे किलोमीटर वरून मासे दिसतात का? आणि दिसत नसतील तर हा मेसेज कशाच्या जोरावर पाठवतात? दुसरं म्हणजे आपल्याकडे घरांची छपरं मोजता येतील असे फोटो काढणारे उपग्रह आहेत, मग समुद्रासाठी ओशनसॅट वगैरे वेगळे का सोडावे लागतात, पाणी तर सगळीकडे सारखंच दिसणार ना. आणि आकाश भरलेलं असलं की मेसेज येतच नाही. मामाचे खलाशी म्हणतात ढग आला की सॅटेलाइट आंधळा. मग वादळाच्या वेळी, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, त्याचा उपयोग काय?

विचारायचं कारण, मामेबहीण नववीत आहे आणि तिने सायन्स एक्झिबिशनला हाच विषय घेतलाय. मला विचारते आणि मला सांगता येत नाही. तिला नेटवरचं उतरवून द्यायचं नाहीये, समजावून सांगायचंय.


समुद्रशास्त्र_ताळगाव:

बेतीकर, मासा दिसत नाही. एकही नाही. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरतच नाहीत, उजेड शिरतो पण तोही थोडाच. मोठ्या मानाने बोलायचं तर उपग्रहाला समुद्राच्या पृष्ठभागाच्या चार गोष्टी कळतात, पाण्याचा रंग, तापमान, उंची आणि वाऱ्याने आलेला खडबडीतपणा. बाकी आपण जे सांगतो, मासे, प्रवाह, वादळ, ते सगळं या चारांवरून बांधलेलं अनुमान. मी गोवा विद्यापीठात मरीन सायन्स केलं आणि नंतर काही वर्षं हाच डेटा हाताळला, त्यामुळे बहिणीला सगळ्यात आधी हे सांग असं मनापासून वाटतं, कारण एकदा हे डोक्यात बसलं की उपग्रहाकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही ते आपोआप कळतं.

आता तुझ्या मामाचा मेसेज. तो पाठवते इन्कॉइस ही संस्था, हैदराबादला आहे, आणि मेसेजला पीएफझेड म्हणतात म्हणजे मासे मिळण्याची शक्यता असलेली जागा. शक्यता हा शब्द महत्त्वाचा. त्यात दोन नकाशे एकावर एक ठेवून बघतात, एक तापमानाचा आणि एक क्लोरोफिलचा. खालून थंड पाणी वर येतं तेव्हा त्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट असं खत वर येतं, त्यावर वनस्पती प्लवक वाढतात, ते इतके बारीक की एकेक दिसत नाही पण कोट्यवधी झाले की पाण्याचा रंग बदलतो. क्लोरोफिल निळा उजेड गिळतो आणि हिरवा परत सोडतो, म्हणून निळा किती परत आला आणि हिरवा किती, याच्या प्रमाणावरून पाण्यात प्लवक किती आहेत ते काढता येतं. तारले हे प्लवक थेट खातात. बांगडाही प्लवकावरच जगतो. आणि त्यांच्या मागे इस्वण येतो. जिथे थंड पाणी आणि गरम पाणी एकमेकांना भिडतं ती रेषा आणि जिथे हिरवं पाणी आणि निळं पाणी भिडतं ती रेषा, या दोन्ही एकाच जागी आल्या तर तिथे खाणं साचलेलं असणार आणि खाणाराही असणार असा तो हिशोब.

म्हणजे मेसेज सांगतो की ताट इथे वाढलंय. जेवणारा आला की नाही ते तिथे जाऊनच कळणार. म्हणूनच कधी जाळं रिकामं येतं.

वेगळे उपग्रह का, तर वरून बघितला तर समुद्र जवळजवळ काळा आहे. वरच्या कॅमेऱ्यात जेवढा उजेड पोचतो त्यातला साधारण दहा टक्केच पाण्याच्या आतून आलेला असतो, बाकीचा हवेतून विखुरलेला. म्हणजे नव्वद टक्के वजा करायचे आणि उरलेल्या दहात निळ्या-हिरव्याचा बारीक फरक शोधायचा. घरांचे फोटो काढणारा कॅमेरा उजळ जमिनीसाठी बनवलेला असतो, त्याला हा फरक टिपता येत नाही. शिवाय तसा उपग्रह एका वेळी दहा-पंधरा किलोमीटरचा पट्टा बघतो आणि त्याच जागी परत यायला त्याला बरेच दिवस लागतात. समुद्र तेवढा थांबत नाही. २६ मे १९९९ ला इस्रोने ओशनसॅट-१ सोडला, त्यावरच्या रंग मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा एक ठिपका ३६० मीटरचा होता पण पट्टा १४२० किलोमीटर रुंद, त्यामुळे दर दोन दिवसांनी सगळा समुद्र परत नजरेखालून जायचा. त्यात आठ रंगपट्टे होते. २३ सप्टेंबर २००९ ला ओशनसॅट-२ गेला आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला ओशनसॅट-३, त्याला ईओएस-०६ पण म्हणतात, त्याच्या कॅमेऱ्यात तेरा रंगपट्टे आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. हे उपग्रह दुपारी बाराच्या आसपास जातात कारण तेव्हा उजेड भरपूर असतो. पण दुपारी पाण्यावर ऊन चमकतं, मिरामारला उभं राहून बघ, डोळे दिपतात, तसाच कॅमेराही दिपतो. म्हणून कॅमेरा पुढे किंवा मागे वीस अंशांनी कलवायची सोय केलेली आहे. जमिनीवर असला त्रास नाही, त्यामुळे तिथे असली सोयही लागत नाही.

आता मर्यादा. आपल्या इथे मांडवी-झुवारीच्या तोंडाशी पाणी गढूळ असतं, पावसात तर लाल माती येते, आणि क्लोरोफिल काढायचं गणित मोकळ्या समुद्रासाठी केलेलं आहे, ते किनाऱ्याजवळ फसतं, मातीलाच प्लवक समजतं. तापमानाचंही तसंच, इन्फ्रारेडने जे तापमान कळतं ते वरच्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थराचं. त्याखाली काय आहे ते त्याला ठाऊक नाही. आणि गोव्यात तर ही गोष्ट प्रत्यक्ष दिसलेली आहे. एनआयओवाले, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक, कांदोळीच्या समोर ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं बोटीने जाऊन पाण्याचे नमुने घेतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला खालचं थंड, प्राणवायू नसलेलं पाणी वर सरकतं, पण त्याच वेळी नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी वर पातळ झाकणासारखं पसरलेलं असतं. उपग्रहाला दिसतं ते वरचं कोमट पाणी. खाली काही मीटरवर प्राणवायू संपत आलेला, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येण्यापर्यंत पाळी जाते, आणि हे वरून अजिबात कळत नाही. ते कळलं बोटीवरून बाटली खाली सोडली म्हणून. त्यामुळे उपग्रह आला म्हणजे बोटीचं काम संपलं असं जे कोण बोलतात त्यांच्याशी मी नेहमी वाद घालतो. लक्षद्वीपला कवरत्तीजवळ तर मुद्दाम पाण्यात उपकरणं ठेवलेली आहेत, उपग्रहाचा आकडा आणि पाण्यातला आकडा जुळतो का ते बघायला. ते नसेल तर वरून आलेल्या रंगीत नकाशावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?


मालिमवाला:

ताळगावच्या सरांनी बरोबर सांगितलं. मी स्वतः बोटमालक आहे, आधी बाबांची होती. बाब बेतीकर, तुझ्या मामाला मी ओळखत पण असेन.

आमचा अनुभव सांगतो. मेसेजमधली जागा म्हणजे खुणेचा दगड नव्हे. सकाळची माहिती घेऊन आपण संध्याकाळी सुटलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोचलो तर तेवढ्या वेळात पाणी सरकलेलं असतं. म्हणून चांगला तांडेल काय करतो, पाणी कुठल्या बाजूला ओढतंय ते बघतो आणि त्या अंगाला थोडा पुढे जाऊन शोधतो. तिथे पोचल्यावर डोळ्याला पण दिसतं, एका बाजूला पाणी हिरवट, दुसऱ्या बाजूला निळं आणि मधे फेसाची, काटक्यांची रेघ, वर पक्षी. मग फिश फाइंडर लावायचा. उपग्रह, डोळा आणि मशीन तिन्ही जुळले तरच जाळं मारायचं. नुसता मेसेज बघून जाळं टाकणारे नंतर मेसेजला शिव्या घालतात ते मला पटत नाही.

डिझेल मात्र खरंच वाचतं. आधी आम्ही अंदाजाने फिरायचो, सगळा खर्च शोधण्यातच जायचा. आता निदान कुठल्या दिशेला जायचं ते ठरवून निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश मोकळं झालं की जास्त उपयोग होतो. जून-जुलैत तर बंदीच असते, तेव्हा प्रश्न नाही.

दुसरी अडचण फोनची. किनाऱ्यापासून जरा आत गेलं की टॉवर संपतो, मग मेसेज येणार कुठून? त्यासाठी २०१९ मध्ये इन्कॉइस आणि एअरपोर्ट अथॉरिटीने मिळून जेमिनी म्हणून यंत्र काढलं, ते गगनच्या, म्हणजे विमानांना वाट दाखवणाऱ्या आपल्या यंत्रणेच्या, उपग्रहावरून मासळीची माहिती आणि वादळाचा इशारा घेतं आणि ब्लूटूथने आपल्या फोनवर दाखवतं. त्याच्यात एकच खोट, ते ऐकतं पण बोलत नाही, म्हणजे आपल्याला इशारा कळतो पण आपण अडकलोय हे किनाऱ्याला कळवता येत नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येणारे ट्रान्सपॉन्डर आता द्यायला लागलेत, ते सगळ्या बोटींवर असायलाच हवेत. ओखी वादळाच्या वेळी, २०१७ ला, केरळ-तामिळनाडूचे किती तरी लोक आत होते आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. खलाशी आमच्या भरवशावर येतात हो, त्यांच्या घरी बायका-मुलं वाट बघत असतात. मासे कमी मिळाले तर चालेल, पण इशारा पोचलाच पाहिजे.

वादळात उपग्रह आंधळा का, ते मात्र मला पण कळून घ्यायचंय. कोणीतरी सांगा.


सडा_वास्को:

ते मी सांगते, माझा अभ्यास वारा आणि लाटांचा.

आंधळा नाही. एक डोळा आंधळा, दुसरा चांगला उघडा. रंग आणि इन्फ्रारेड तापमान ढगातून येत नाही हे खरं, म्हणून ढग असला की पीएफझेड नाही. पण मायक्रोवेव्हला ढग आड येत नाही, रात्र तर नाहीच नाही. त्यामुळे समुद्राचे जे उपग्रह वादळासाठी कामाला येतात ते कॅमेरावाले नसून रडारवाले.

पहिला स्कॅटरोमीटर. समजा समुद्र अगदी शांत आहे, तिरप्या कोनातून रडारचा झोत मारला तर तो पुढे निघून जातो, परत काही येत नाही. वारा सुटला की पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात, एक-दोन सेंटिमीटरच्या, आणि त्यावरून झोत विखुरतो आणि थोडा उपग्रहाकडे परत येतो. जेवढा वारा जास्त तेवढा परतावा जास्त. तीच जागा वेगवेगळ्या बाजूंनी बघितली की वाऱ्याची दिशाही निघते. भर समुद्रात हवामान केंद्र नाही, वारा मोजायला माणूस नाही, तिथे हजारो किलोमीटरवरचा वारा एका फेरीत कळतो. ओशनसॅट-२ वर असा स्कॅटरोमीटर होता, तो २०१४ ला बंद पडला, मग २६ सप्टेंबर २०१६ ला फक्त याच कामासाठी स्कॅटसॅट-१ सोडला, आता ओशनसॅट-३ वर आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं तेव्हा ढगांच्या फोटोत नुसता पांढरा गोळा दिसतो, पण स्कॅटरोमीटरच्या नकाशात वारा गोल फिरायला लागलाय की नाही ते दिसतं. माझ्या मते वादळाच्या कामात याच्याएवढं उपयोगी दुसरं उपकरण नाही. जोराच्या पावसात याचा आकडा बिघडतो हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, झाडं पडली, दिवसच्या दिवस लाइट नव्हती, तेव्हा वादळ कुठून कुठे सरकतंय ते आधीपासून कळत होतं, आणि त्यात असल्या उपग्रहांचाही वाटा होता.

दुसरा अल्टिमीटर. हा सरळ खाली रडारचा ठोका मारतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. १३३६ किलोमीटर वरून जायला यायला साधारण नऊ मिलिसेकंद लागतात, आणि त्यातून समुद्राची उंची तीन-चार सेंटिमीटरच्या फरकाने काढतात. मला अजून हे आठवलं की अंगावर काटा येतो. हवेतल्या बाष्पामुळे ठोका किंचित उशिरा येतो, तेवढं वजा करायला उपग्रहावर वेगळं उपकरण असतं, आणि उपग्रह स्वतः कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये कळावं म्हणून जमिनीवरून लेझर मारतात. परत आलेल्या ठोक्याचा आकार बघून लाटा किती उंच आहेत तेही कळतं, आणि लाटांचे इशारे देताना अंदाज बरोबर येतोय की नाही ते या मापांवर ताडून बघता येतं.

नासा आणि फ्रान्सच्या संस्थेने १० ऑगस्ट १९९२ ला टोपेक्स/पोसायडन सोडला, मग जेसन-१, २, ३ आणि नोव्हेंबर २०२० ला सेंटिनेल-६, एकामागोमाग एक, त्याच वाटेवर. मुद्दाम त्याच वाटेवर, म्हणजे जुन्याची आणि नव्याची मापं एकत्र जुळवून घेता येतात. म्हणूनच आज आपण खात्रीने सांगू शकतो की १९९३ पासून जगाचा समुद्र साधारण दहा सेंटिमीटर वर आलाय, आणि वेग वाढलाय, तेव्हा वर्षाला दोन मिलिमीटरच्या आसपास होता तो आता चारच्या पुढे. आपली खाडीकाठची खाजन शेतं, बांध, मानशी म्हणजे पाण्याची दारं, हे सगळं भरतीच्या पातळीवर बेतलेलं आहे, त्यामुळे गोव्यात तरी हा आकडा कोणी दूरचा म्हणून सोडू नये.

बेतीकर, तू विचारलंस वेगळे उपग्रह का, त्याचं एक उत्तर इथे पण आहे. फोटो काढणारे उपग्रह एखाद्या जागेवरून जातात ते दर वेळी दिवसाच्या ठरलेल्या वेळीच. अल्टिमीटरने तसं केलं तर सूर्यामुळे येणारी भरती त्याला दर वेळी सारखीच दिसणार, म्हणजे तो ती भरती आहे हे ओळखणारच नाही, समुद्रच तेवढा उंच आहे असं धरून चालणार. म्हणून टोपेक्सची वाट वेगळी आखली, दर फेरीला वेळ थोडी सरकते. म्हणजे इथे नुसतं उपकरण वेगळं नाही, वाटच वेगळी.

आपल्या इस्रोने पण फ्रान्सबरोबर सरल नावाचा अल्टिमीटरवाला उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ ला सोडला, त्याच्या रडारच्या झोताचा पाण्यावरचा ठिपका लहान असल्यामुळे तो किनाऱ्याच्या जास्त जवळचं मोजू शकायचा.


रापणकार_पेडणे:

सगळं वाचलं, माहिती चांगली दिलीत. पण एक गोष्ट मला बोलायची आहे.

आमची पिढीजात रापण. किनाऱ्यावरून जाळं ओढतो. तुमचा मेसेज आम्हाला काय कामाचा, आम्ही चाळीस-पन्नास किलोमीटर आत जात नाही. आम्ही ज्याची वाट बघतो तो मासा आत बसलेले पर्ससीनवाले, म्हणजे मोठं गोल जाळं टाकणारे, आधीच उचलतात, आणि आता त्यांना उपग्रहाने जागा पण सांगायची. रात्री एलईडी लावून तर मासा ओढूनच घेतात, २०१७ पासून बंदी आहे तरी आमच्या किनाऱ्यावरून दिवे दिसतात. तारले कधी कधी वर्षभर लागत नाहीत. मी माहितीच्या विरोधात नाही, पण जी माहिती सरकार फुकट देतं ती ज्याच्याकडे मोठं इंजिन त्यालाच मिळणार असेल तर आमच्यासाठी वरून काय बघता ते पण सांगा. दर वर्षी मे-जूनमध्ये किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, जाळ्याला लागले की जाळं धुऊन निघत नाही. ते कोण टाकतं हे उपग्रहाला दिसतं का?


समुद्रशास्त्र_ताळगाव:

रापणकारदादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे आमच्या लोकांनी जास्त ऐकायला हवं. मासा शोधायची माहिती वाढली म्हणून समुद्रातला मासा वाढत नाही.

डांबराबद्दल. ते दिसू शकतं, आणि ते सडाताईंनी सांगितलं त्याच तत्त्वावर. तेल पाण्यावर पसरलं की वाऱ्याच्या त्या बारीक सुरकुत्या दबतात, पाणी गुळगुळीत होतं, आणि रडारच्या चित्रात तेवढा भाग काळा पट्टा म्हणून दिसतो. ढग असो, रात्र असो. युरोपचे सेंटिनेल-१ हे काम करतात, आपला ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ ला गेला त्यावरही असलं रडार आहे. जहाजं टाक्या धुवून तेलाचं पाणी सोडतात, भर समुद्रात तेलविहिरी आहेत, तिथून सुटलेलं तेल उन्हाने-लाटांनी घट्ट होतं आणि पावसाळ्याच्या तोंडावरचा वारा आणि प्रवाह ते गोळे आपल्याकडे ढकलतात. एनआयओत गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांचा अभ्यास झालेला आहे, गोळ्यातलं रसायन तपासून ते कुठल्या तेलाचं ते काढता येतं. रडारचा काळा पट्टा, प्रवाहाची उलटी गणना आणि गोळ्याची रासायनिक ओळख हे तिन्ही जुळवलं तर गुन्हेगार सापडू शकतो. नुसत्या काळ्या पट्ट्यावर कोणाला पकडता येत नाही, कारण वारा पडला तरी पाणी तसंच काळं दिसतं.

आणि एलईडीचं. मासा दिसत नाही असं मी वर म्हटलं, पण मासा ओढणारा दिवा मात्र दिसतो. अमेरिकेच्या सुओमी एनपीपी उपग्रहावर, तो २०११ पासून वर आहे, व्हिअर्स नावाचं उपकरण आहे, ते रात्रीचा अगदी मंद उजेडसुद्धा टिपतं. भर समुद्रात लख्ख दिवे लावून बसलेली बोट त्यात एकेका ठिपक्यासारखी उठून दिसते, आणि असे ठिपके शोधून बोटींची यादी करायची पद्धत काही देशांत वापरात आहे. ज्या रात्री ज्या पट्ट्यात दिवे असायला नकोत तिथे ठिपके असले तर विचारायला जागा आहे. म्हणजे तुमच्यासाठीही वरून बघता येतं, फक्त ते मागणारा पाहिजे. तुमच्या संघटनेने मत्स्योद्योग खात्याकडे हेच लेखी मागावं, मी पत्राचा मसुदा करायला मदत करीन.


मालिमवाला:

रापणकार दादा, एलईडीवाल्यांचा त्रास आम्हाला पण आहे. सगळे ट्रॉलरवाले तसले नाहीत. पत्र लिहिणार असाल तर माझी पण सही घ्या.


डिचोली_मास्तर:

चर्चा छान चाललीय. मी शाळेत विज्ञान शिकवतो. बेतीकरांच्या बहिणीला एक सुचवतो, थर्मोकोलचा उपग्रह करून चांदीचा कागद लावू नको, तसले प्रत्येक प्रदर्शनात दहा असतात. खरा डेटा दाखव. तो मुलांना कुठे बघायला मिळेल, फुकट आणि सोपा, ते जाणकारांनी सांगावं, मलाही वर्गात दाखवायचा आहे.


समुद्रशास्त्र_ताळगाव:

मास्तर, फुकट मिळतो. नासाची वर्ल्डव्ह्यू वेबसाइट सगळ्यात सोपी, फोनवर पण चालते, लॉगिन लागत नाही. त्यात क्लोरोफिलचा थर निवडायचा, अरबी समुद्रावर यायचं आणि तारीख फेब्रुवारी अखेरची घ्यायची. आपल्या उत्तरेला, ओमान ते गुजरातच्या मधल्या समुद्रात हिरव्या पाण्याची मोठी मोठी वेटोळी दिसतील, थंडीत तिथलं वरचं पाणी गार होऊन खालच्यात मिसळतं आणि खत वर येतं म्हणून. त्यातला बराचसा नॉक्टिल्यूका नावाचा जीव, ज्याच्या पोटात हिरवे प्लवक राहतात. मग तीच जागा ऑगस्टच्या तारखेला बघायची, बहुतेक सगळी कोरी, कारण ढग. ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावली की ढग आला की सॅटेलाइट आंधळा हे मामाच्या खलाशांचं म्हणणं कितपत खरं ते कोणालाही दिसेल. तिसरं चित्र ऑगस्टचंच, पण स्कॅटरोमीटरच्या वाऱ्याचं लावायचं, ते भरलेलं असेल, नैऋत्येकडून येणारे बाण. आपल्या उपग्रहांचा डेटा इस्रोच्या मोसडॅक या साइटवर मिळतो, तिथे नाव नोंदवावं लागतं, शाळेच्या नावाने नोंदवलं तरी चालेल. पीएफझेडचे नकाशे इन्कॉइसच्या साइटवर सगळ्यांना बघता येतात.

आणि बेतीकर, जमलं तर मामाच्या बोटीच्या वहीतून एका सीझनच्या नोंदी घे, कुठल्या दिवशी मेसेज कुठला होता आणि जाळ्यात काय आलं. त्या दिवसांचे क्लोरोफिल नकाशे काढून बहिणीने दोन्ही समोरासमोर लावले तर त्याला खरा प्रयोग म्हणता येईल. रिकाम्या जाळ्याचे दिवस गाळू नकोस, ते सगळ्यात आधी लाव.


बेतीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मामाला फोन केला, तांडेलाकडे वही आहे म्हणाला, तारीख, खोली आणि किती टोपल्या ते लिहून ठेवतो. दिशा सगळीकडे लिहिलेली नाही, पण मेसेज फोनमध्ये तसेच पडून आहेत, त्यातून काढू. रविवारी जेटीवर जातोय, बहिणीलाही बरोबर नेतो. सडाताई, ते वाऱ्याच्या बाणांचं चित्र मोसडॅकवर नेमकं कुठल्या नावाखाली शोधायचं?


सडा_वास्को:

ईओएस-०६ निवड, मग स्कॅटरोमीटर, मग विंड. फाइल उघडायला अडलं तर इथेच लिही, मी चित्र काढून देते.